एका फ्लॉपीत एक मिनिट

बाबांचा आवाज हायवेच्या पलीकडे ऐकू जायचा, हे मी मुलीला सांगते तेव्हा तिला मी कौतुकानं वाढवून सांगते आहे असं वाटतं. पण तो आवाज ज्यांनी ऐकला अशी माणसं वर्ध्याकडच्या जाम गावच्या चौकात अजूनही सापडतील. चौकाला लागूनच आमचं दुकान होतं, ट्रकवाल्यांच्या सामानाचं. दोर, ताडपत्र्या, साखळ्या, आरशाला बांधायचे काळे गोंडे आणि हॉर्न. घर दुकानाच्या मागेच, मधे एक भिंत. हॉर्न वाजवून बघितल्याशिवाय कोणी घेत नसे, त्यामुळे आई चुलीपुढे ज्वारीची भाकर थापत असली की भिंतीपलीकडे सारखा कोणता तरी भोंगा ओरडायचा. ती मान न वळवता म्हणायची, "हा फाटका वाजून राह्यला, हा नका देऊ त्याले." तिचा कान चुकत नसे. या सगळ्या गोंगाटावर बाबांचा आवाज चढायचा. समोरच्या हॉटेलातून चहा मागवायचा तर ते जागेवरून उठत नसत. "दोन कट" एवढंच म्हणत. मधून दोन ट्रक गेले तरी चहा यायचा. हिवाळ्यात आसपासच्या गावांत शंकरपट भरायचे, बैलजोड्यांच्या शर्यती. तिथे माइकवर बोलायला बाबांना न्यायला माणसं यायची. जोडीचं नाव, मालक, गाव, सगळं त्यांना तोंडपाठ. पटात मी एकदा हरवले होते, चारपाच वर्षांची असेन. लोकांच्या पायांमधून मला काही दिसेना. मग भोंग्यातून "नंदे, रडू नको, मंडपाकडे ये" असं आलं आणि कोणीतरी मला उचलून मंडपात नेऊन ठेवलं.

बारावीनंतर मी वर्ध्याला कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ लागले. वर्षभरातच बाबांनी नागपूरहून जुळवलेला कॉम्प्युटर आणला. एका ओळखीच्या ट्रकच्या केबिनमध्ये बसून, पेटी रजईत गुंडाळून आणि मॉनिटर मांडीवर धरून. त्याला भिंतीलगतची जागा मिळाली आणि आईनं जुन्या नऊवारीतून त्याला खोळ शिवली. क्लासमध्ये मला सगळ्यात जास्त ओढ लागली ती व्हायरसच्या धड्याची. कोणीतरी कुठेतरी बसून मुद्दाम लिहिलेला एक छोटासा प्रोग्रॅम, जो दुसऱ्या प्रोग्रॅमला चिकटतो, स्वतःच्या नकला काढतो, फ्लॉपीवर बसून परगावी जातो आणि कधी कधी महिनोन्महिने काहीच न करता दबा धरून असतो, हे मला भुताच्या गोष्टीसारखं थरारक वाटायचं. आईनं विचारलं, "पण एवढंसं असते तं एवढ्या मोठ्या मशीनचं काय करते थे?" मी म्हटलं, "चमचाभर विरजण टाकलं की दुधाचं काय होते?" तिला लगेच पटलं. त्यानंतर बाहेरची फ्लॉपी दिसली की ती म्हणायची, "पाह्य बरं, विरजण लागलेली तं नाई." मी वहीच्या पानावर नियम लिहून कॉम्प्युटरच्या वरच्या भिंतीला चिकटवले होते. बाहेरची फ्लॉपी तपासल्याशिवाय उघडायची नाही, अनोळखी प्रोग्रॅम सुरू करायचा नाही, अँटिव्हायरस दर महिन्याला वर्ध्याहून नवा आणून टाकायचा, आणि महत्त्वाची गोष्ट दुसऱ्या एखाद्या ठिकाणीही ठेवायची. शेवटच्या ओळीखाली मी लाल शाईनं रेघ मारली होती. गावातल्या दोन घरांत मी हे नियम समजावूनही आले होते. माझी ऐट तेव्हा काही विचारू नका.

बाबा खर्रा खात. आमच्याकडे कोण खात नाही? सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटायचा, गाठ मारून खिशात ठेवायचा, दिवसभर पुरवायचा. आवाज बसला तेव्हा पटात ओरडून बसला असेल असं सगळ्यांना वाटलं. मग हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झाला, तरी आवाज मोकळा होईना. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी आईला बाहेर बसवलं आणि बाबांना सरळ सांगितलं. गाठ स्वरयंत्रावर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, बोलणं राहणार नाही. परत येताना बसमध्ये बाबा खिडकीशी बसले होते. त्यांनी खिशातली पन्नी काढली, थोडा वेळ बघितली आणि बाहेर टाकून दिली. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे आता तुमची मजा आहे. कोणी ओरडणार नाई." आई हसली नाही. मीही हसले नाही.

आवाज साठवून ठेवायची कल्पना माझी. क्लासमध्ये एक छोटा माइक मिळाला होता आणि कॉम्प्युटरमध्ये आवाज टिपायची सोय होतीच. ती बरोबर एक मिनिट चालायची आणि आपोआप थांबायची. मी बाबांना म्हटलं, "ऑपरेशनच्या आधी रोज थोडं थोडं बोला यात, म्हंजे राहील." ते आधी लाजले. हजारभर माणसांपुढे बोलणारा माणूस त्या बोटाएवढ्या माइकपुढे अवघडून बसला. पहिल्या मिनिटात ते फक्त "हॅलो, माइक टेस्टिंग" म्हणाले आणि उरलेला वेळ माझ्याकडे बघून हसत राहिले. ते मिनिटही मी ठेवलं. दुपारी दुकानात गर्दी कमी असे, तेव्हा आम्ही बसायचो. वीज जाण्यायेण्याच्या वेळा भिंतीवर लिहिलेल्या होत्या, त्या सांभाळून. आई कुकर उतरवून ठेवायची, तरी एकदा शिट्टी झालीच आणि बाबा बोलता बोलता म्हणाले, "घ्या, वरण झालं." आवाज घोगरा होता, पण बाबांचाच होता. एक मिनिट त्यांनी आईसाठी भरलं आणि त्या वेळी मला बाहेर जायला सांगितलं. एक आत्यासाठी. काही पटातले किस्से. आणि तीन मिनिटं माझ्या लग्नासाठी. वऱ्हाडी मंडळींचं स्वागत, जेवून जायची विनंती, आणि शेवटी "आमची पोरगी जरा हट्टी आहे, सांभाळून घेजा." ते झाल्यावर म्हणाले, "हे लग्नात लावजो. मी आपला बाजूले उभा राहीन हात जोडून." एकंदर तेवीस मिनिटं झाली.

आता माझ्या चुकीकडे येते. अँटिव्हायरसचा एक भाग सतत जागा असायचा, पडद्याच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी. येणारी जाणारी प्रत्येक फाइल तो तपासायचा. आमचं यंत्र साधं, त्याला दोन कामं एका वेळी झेपत नसत, त्यामुळे रेकॉर्डिंग अडखळायचं. बाबांचं वाक्य मधेच तुटायचं आणि त्यांना ते पुन्हा बोलावं लागायचं. दुखायचं त्यांना. तिसऱ्या दिवशी मी तो पहारेकरी बंद केला. रेकॉर्डिंग स्वच्छ झालं. रोज संपलं की परत चालू करू, असं मी ठरवलं होतं. त्या दिवशी केलाही. मग दवाखान्याच्या तारखा, रक्त द्यायला माणसं गोळा करणं, डबे, यात विसरले. विसरले, एवढंच. याला दुसरं कारण नाही. आणि महत्त्वाची गोष्ट दुसऱ्या ठिकाणी ठेवायचा नियम? सीडी लिहायचं यंत्र फक्त वर्ध्याच्या क्लासमध्ये होतं. तिथे नेऊन सगळं उतरवून घ्यायचं, हे दवाखान्याची धावपळ संपल्यावरच्या कामांत होतं. माझी मुलगी आज मला सहज विचारते, "बॅकअप का नव्हता घेतला, आई?" तिच्या फोनमधलं सगळं आपोआप कुठेतरी जाऊन बसतं. मी तिला दरवेळी सीडीच्या यंत्राचं सांगते आणि दरवेळी ते कारण मलाच तोकडं वाटतं.

हिंगणीची आत्या ऑपरेशनच्या आधी येऊ शकली नाही, तिचा पाय मोडला होता. ती फोनवर सारखी रडायची. बाबांची ती धाकटी बहीण, एकुलती एक. तिच्या मुलाकडे, प्रशांतकडे, कॉम्प्युटर होता. मी आवाजाचा दर्जा थोडा कमी केला तेव्हा एक मिनिट बरोबर एका फ्लॉपीत मावायला लागलं. तिच्यासाठी भरलेलं मिनिट मी फ्लॉपीवर घातलं आणि ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवून दिलं. आत्यानं ते इतक्यांदा ऐकलं म्हणे की शेजारच्या बायकांनाही पाठ झालं. त्याच आठवड्यात बाबांचं ऑपरेशन झालं.

ते घरी आले तेव्हा गळ्याला खालच्या बाजूला भोक होतं. त्यातून श्वास चालायचा. त्यावर पांढरं पातळ फडकं बांधायचं आणि ते फडकं श्वासागणिक हलायचं. आईनं माझी शाळेतली पाटी शोधून काढली. बाबा तिच्यावर लिहायचे, बोलायचे तसंच लिहायचे. "मीठ कमी." "गिऱ्हाईक पाह्य." मी एकदा विचारलं, "लावू का तुमचा आवाज?" त्यांनी मान हलवली आणि लिहिलं, "आता नाई. जखम सुकू दे. रडू आलं तं दुखते." तेव्हा त्यांना ठसका आणि रडणं दोन्ही वर्ज्य होतं. आम्ही ते बऱ्या दिवसांसाठी ठेवून दिलं. रात्रीच्या पुरणातलं वाटीभर सकाळसाठी ठेवावं, तसं.

दिवाळीत आत्या काठी टेकत आली. करंज्या, अनारसे, आणि पिशवीच्या तळाशी कागदात गुंडाळलेली माझी फ्लॉपी. आमच्याकडे शेजारून भांडं आलं की ते रिकामं परत जात नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर घालतात, ज्वारीचे चार दाणे घालतात, पण रिकामं देत नाहीत. आत्या म्हणाली, "भावाच्या घरची वस्तू रिकामी कशी आणू? मी प्रशांतले म्हटलं, त्याच्यात काही तरी गोड टाकून दे." प्रशांतनं टाकलं होतं. दिवाळीचा एक छोटा प्रोग्रॅम. सुरू केला की पडद्यावर एकेक करून पणत्या लागायच्या, मग अनार उडायचं आणि शुभेच्छा यायच्या. त्याच्यासाठी फ्लॉपीत जागा हवी म्हणून त्यानं बाबांचं मिनिट आपल्या कॉम्प्युटरवर ठेवून घेतलं आणि फ्लॉपीवरून काढून टाकलं. आत्या शेजारी बसली होती, तिचं तोंड कौतुकानं फुललं होतं. डोक्यावर भिंतीला माझे नियम होते. तिच्यासमोर तिची भेट तपासायची म्हणजे दिलेल्या करंजीचा वास घेऊन बघण्यासारखं वाटलं मला. आणि तपासायचं कशाला, पहारेकरी आहेच की, असंही मनात आलं. मी पणत्या लावल्या. बाबांनी टाळ्या वाजवल्या. आईनं वाकून नमस्कार केला.

पुढे बरेच दिवस काहीच झालं नाही. व्हायरसचा हाच प्रकार मी लोकांना समजावत फिरत असे. काही व्हायरस ठरावीक तारखेची वाट बघतात. ती तारीख आली तेव्हा मी सकाळी कॉम्प्युटर सुरू केला आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ आली, की डिस्क सापडत नाही. बंद करून परत लावला. परत तीच ओळ. तेव्हा मला कोपऱ्यातल्या त्या पहारेकऱ्याची आठवण झाली. तो बंदच राहिला होता. फोन दुकानात होता. मी हिंगणीला लावला. प्रशांत म्हणाला, "आमचा बी सकाळपासून बंद आहे ना, ताई. तुझा बी?" मी विचारलं, "आत्यासाठी पाठवलेला आवाज?" तो म्हणाला, "त्याच्यातच होता." त्याचा काय दोष? तो प्रोग्रॅम त्यालाही कोणीतरी दिवाळीची भेट म्हणूनच दिला होता. बाबा तेव्हा दुकानाच्या पायरीवर ऊन खात बसले होते आणि माझ्याकडे पाठ होती, याचं मला बरं वाटलं.

हिंगणघाटहून दुरुस्तीवाला आला. त्यानं पेटी उघडली, दोन तास खटपट केली आणि सांगितलं, डिस्कवरचं सगळं पुसलं गेलं आहे, हाती काही लागणार नाही. मग त्यानं सगळं नव्यानं भरून दिलं. पडदा उजळला, पहिल्या दिवशी होता तसा. "झाला ना, ताई, ठीक," तो आनंदानं म्हणाला. आई त्याच्यासाठी चहा घेऊन आली. मी तिला सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही.

जखम सुकली. एका दुपारी बाबा कॉम्प्युटरसमोर स्टूल ओढून बसले, फडकं नीट केलं आणि पाटीवर लिहिलं, "लाव आज." मी म्हटलं, "बाबा, स्पीकर जळले. व्होल्टेज वाढलं होतं ना." तोंडातून कसं निघालं कोण जाणे. त्यांनी मान डोलावली. दोन दिवसांनी पुन्हा स्पीकरकडे बोट करून विचारलं. मी म्हटलं, वर्ध्याला जाईन तेव्हा दाखवीन. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. मला वाटलं, सुटले.

ऑपरेशननंतर बाबा एकटे घराबाहेर पडले नव्हते. लोक गळ्याकडे बघतात, धूळ आत जाते, कोणी काही विचारलं तर उत्तर देता येत नाही. पण एका सकाळी ते उपरणं गळ्याला गुंडाळून निघून गेले. पाटीवर लिहून ठेवलं होतं, "येतो." आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिसऱ्या प्रहरी ते बसमधून उतरले तेव्हा त्यांच्या काखेत पुठ्ठ्याचा खोका होता. त्यात नवे स्पीकर. वर्ध्याला जाऊन, दुकानदाराला कागदावर लिहून दाखवून आणले होते. तो कागद खिशात होता अजून, मी बघितला. "पोरीच्या कॉम्प्युटरले लागणारे स्पीकर पाह्यजे. आवाज साफ येणारे." त्यांनी खोका माझ्या हातात दिला, हातपाय धुतले, शर्ट बदलला आणि स्टुलावर येऊन बसले. आईलाही त्यांनी खुणेनं बोलावलं. ती पदराला हात पुसत आली आणि त्यांच्या मागे उभी राहिली.

मी स्पीकर जोडले. वायर लावायला किती वेळ लागतो? मी तेवढा वेळ खाली वाकून राहिले. मग उठले आणि म्हटलं, "बाबा, स्पीकर खराब नव्हते." आणि सगळं सांगितलं. पहारेकऱ्याचं, पणत्यांचं, तारखेचं. आत्याचं मिनिटही गेल्याचं. ते ऐकत होते. मी थांबले तेव्हा त्यांनी पाटीवर लिहिलं, "एक बी नाई?" मी मान हलवली. आईसाठीचं मिनिट तिनं एकदाच ऐकलं होतं. बाबांनी तर स्वतःचं एकही नाही. त्यांनी मला बोलावं, जामचा चौक हादरेल असं ओरडावं, असं मला इतकं वाटत होतं की मी अक्षरशः त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होते. त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज कुठलाच नव्हता. गळ्यावरचं फडकं तेवढं जोरजोरात आतबाहेर होत होतं. खूप वेळानं त्यांनी डोळे पुसले, त्याच हातानं पाटी पुसली आणि लिहिलं, "इतके दिवस एकटीच घेऊन बसली होती का?"

मी पाटी वाचली आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. आई म्हणाली, "रडू दे तिले." कोणीच मला काही बोललं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही. आत्याला बाबांनीच पत्र लिहिलं, आणि त्यात प्रशांतला रागवू नको असं दोनदा लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी क्लास सुटला की दुकानात उभी राहू लागले. बाबा पाटीवर लिहीत आणि मी मोठ्यानं वाचून दाखवत असे. भाव, घासाघीस, समोरच्या हॉटेलातला चहा, ड्रायव्हर लोकांची थट्टा, सगळं. सुरुवातीला माझा आवाज रस्त्याच्या मध्यापर्यंतही जात नसे. हळूहळू जायला लागला. त्यांच्या वाक्याचा हेल, कुठे थांबायचं, कोणता शब्द ओढायचा, हे मला न शिकवता येत गेलं, आणि मी बरोबर म्हटलं की ते बोटानं गल्ल्यावर ठक करायचे. माझ्या लग्नात त्यांनी स्वागताचा मजकूर नव्यानं लिहिला. वाचायला मामा तयार होता, पण बाबांनी कागद माझ्याच हातात दिला. नवरी मुलगी माइकवर उभी राहून स्वतःच्याच वऱ्हाडाचं स्वागत करते आहे, याची मंडपात बरीच कुजबुज झाली. हट्टी पोरीचं वाक्य त्यांनी पुन्हा लिहिलं होतं. तेही मीच वाचलं. बाबा बाजूला हात जोडून उभे होते. त्यानंतर ते सात वर्षं जगले.

मला वाटायचं, आवाज त्या डिस्कवरून गेला, पण माझ्या कानात तर आहे. तो कोण पुसणार? अलीकडे सांजेची मी कधी कधी अंगणात बसून त्यांना आठवू बघते. दुकानातले बाबा येतात, पटातले येतात, अजून गळा धड असलेले, माइक हातात धरलेले. चेहरा स्वच्छ दिसतो. ओठ हलतात, शब्दही एकेक आठवतात. आवाज मात्र माझा असतो.